परगावी गेल्यावर घरचा व्हीपीएन जुळेना, तर दोष कुठे शोधावा

ट्रॅव्हल राउटर लॉजच्या वाय-फायला जोडलेला आहे, त्याच्या पानावर व्हीपीएनचे, म्हणजे घरच्या नेटवर्कापर्यंतच्या गुप्त वाटेचे, बटण चालू दिसते आहे आणि तरीही घरच्या हार्ड डिस्कवरची फाइल उघडत नाही, अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सेटिंगांकडे जातो. पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, बदलून पाहावा, ओळख पटवणाऱ्या चाव्या नव्याने तयार कराव्यात, राउटर रीसेट करावा असे वाटू लागते आणि मूळचा एक दोष अर्ध्या तासात तिप्पट होऊन बसतो. म्हणून पॅकेट, म्हणजे डेटाचा पाठवलेला तुकडा, नेमके कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे हरवते हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये, हे या कामातले पहिले पथ्य समजावे.

घरच्या राउटरवर वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीचा सर्व्हर आणि प्रवासात ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्सवर चालणारा लहान राउटर, अशी मांडणी येथे गृहीत धरली आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ या कर्नलपासून (गाभ्यापासून) वायरगार्ड कर्नलमध्येच समाविष्ट झाला, आणि आज अनेक ट्रॅव्हल राउटरांत तो तयार मिळतो. त्याचा एक स्वभाव मात्र सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे त्याचे मौन. चावी चुकली तर तो ‘चावी चुकली’ असे सांगत नाही, अनोळखी पॅकेटला उत्तरही देत नाही. दार वाजवणाऱ्याला आत कोणी आहे की नाही हेसुद्धा कळू नये, अशी त्याची रचनाच आहे. त्यामुळे पोर्ट उघडा आहे का हे तपासून देणाऱ्या संकेतस्थळांचा येथे उपयोग होत नाही. ती बहुधा टीसीपी ही पोच घेणारी पद्धत तपासतात, वायरगार्ड पोच न घेणाऱ्या यूडीपीवर चालतो, आणि यूडीपी तपासली तरी समोरून शांतताच मिळते.

या मौनातही वाचण्याजोग्या दोन गोष्टी असतात. ट्रॅव्हल राउटरवर ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा दिली, किंवा त्याच्या पानावरील व्हीपीएनची स्थिती उघडली, की शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणे, किती वेळापूर्वी झाला आणि किती डेटा गेला, किती आला, हे दिसते. पाठवलेले बाइट वाढत आहेत, आलेले शून्यावर आहेत आणि हँडशेकची ओळच नाही, याचा अर्थ दोन टोकांची अजून भेट झालेली नाही. हँडशेक ताजा आहे पण काहीच उघडत नाही, तर भेट झालेली आहे आणि दोष मार्ग, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) किंवा फायरवॉल यांपैकी एकात आहे. वापर चालू असताना हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो आणि तीन मिनिटांनंतर जुन्या चावीवर डेटा स्वीकारला जात नाही; म्हणून ‘शेवटचा हँडशेक ४० मिनिटांपूर्वी’ असे दिसले आणि तुम्ही तेव्हा खरोखर काही वापरत असाल, तर जुळलेली वाट मध्येच तुटली असे समजावे. काही वापरत नसाल, तर मात्र जुना हँडशेक हा दोष नव्हे.

भेटच होत नसेल तर

लॉजच्या वाय-फायपासून आरंभ करावा. खोली क्रमांक आणि मोबाइल क्रमांक मागणारे लॉगिनचे पान अनेक ठिकाणी असते, आणि ते भरल्याशिवाय एकही पॅकेट बाहेर जात नाही. ट्रॅव्हल राउटरवर ‘व्हीपीएन नसेल तर इंटरनेटच बंद’ असा पर्याय लावलेला असला, तर ते पान उघडतच नाही, आणि पान भरले नाही म्हणून व्हीपीएन जुळत नाही. शिवाय लॉगिनच्या पानाचे नाव अनेकदा खासगी पत्त्यावर नेणारे असते, आणि राउटरमधील डीएनएस रीबाइंडिंगपासूनचे (बाहेरच्या नावाआडून खासगी पत्त्यावर नेण्याच्या फसवणुकीपासूनचे) संरक्षण अशी उत्तरे फेकून देते. तेव्हा व्हीपीएन बंद करावा, तो रोखणारा पर्याय आणि रीबाइंडिंगचे संरक्षण तात्पुरते काढावे, लॉगिन उरकून साधे इंटरनेट चालते याची खात्री करावी आणि मगच सगळे पूर्ववत करावे.

साधे इंटरनेट चालत असूनही हँडशेक होत नसेल, तर ट्रॅव्हल राउटर लॉजच्या वाय-फायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा. ही पाच मिनिटांची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती दोषाची हद्द ठरवते. हॉटस्पॉटवर व्हीपीएन जुळला, तर घर निर्दोष आहे आणि लॉजचे नेटवर्क बहुधा यूडीपी किंवा तो पोर्ट अडवत आहे. अशा वेळी घरच्या राउटरवर बाहेरचा ४४३ हा यूडीपी पोर्ट आतल्या ५१८२० या वायरगार्डच्या नेहमीच्या पोर्टाकडे वळवून पाहावा. आजचे ब्राउझर क्विक या प्रोटोकॉलसाठी यूडीपी ४४३ वापरत असल्यामुळे तो पुष्कळ ठिकाणी मोकळा सापडतो. यूडीपी पूर्णच बंद असेल, तर टीसीपी ४४३ वर चालणारा ओपनव्हीपीएन, म्हणजे दुसरी एक व्हीपीएन प्रणाली, हा एक मार्ग उरतो. तो संथ असतो, पण चालतो.

हॉटस्पॉटवरही जुळला नाही, तर नजर घराकडे वळवावी. येथे भारतातील जोडण्यांमध्ये पुष्कळदा आढळणारे कारण म्हणजे सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे ठेवणे. घरच्या राउटरच्या वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडील बाजूचा, पत्ता पाहावा, आणि घरच्या वाय-फायवरून ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. वॅनचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्टीतील असेल, तर तुमचे घर कंपनीच्या मोठ्या नॅटमागे आहे; ही पट्टी २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. अशा घरात पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरचा पोर्ट आतल्या यंत्राकडे वळवणे) कितीही काळजीपूर्वक केले तरी व्यर्थ आहे, कारण सार्वजनिक पत्ता तुमच्या दारावर येतच नाही. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर प्रकरण बरेच सोपे आहे. कंपनीने बसवलेला फायबरचा डबा स्वतःच राउटरचे काम करत असून तुमचा राउटर त्याच्यामागे दुसरा बसला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पोर्ट आधी त्या डब्यावर आणि नंतर, सर्व्हर आणखी आत असेल तर, तुमच्या राउटरवरही वळवावा लागतो.

सीजीनॅटवर उपाय तीन. कंपनीकडून शुल्क देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा सर्वांत सरळ. दुसरा आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा: घरी तो मिळत असेल तर सीजीनॅट आड येत नाही, मात्र लॉजच्या वाय-फायवर अनेकदा फक्त आयपीव्ही४ असतो आणि मग मोबाइल डेटावर जुळणारा व्हीपीएन लॉजमध्ये जुळत नाही, हे कोडे पडते. तिसरा उपाय म्हणजे सार्वजनिक पत्ता असलेला लहान भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवून दोन्ही टोकांनी त्याच्याशी जोडून घेणे, किंवा टेलस्केलसारखी, आतून वायरगार्डच वापरणारी आणि नॅट ओलांडण्याचे काम स्वतः करणारी व्यवस्था बसवणे. ज्यांना पोर्ट फॉरवर्डिंगची सवय नाही, त्यांनी मान न मोडता तिसऱ्याकडे वळावे असे माझे मत आहे.

एक चूक निघण्यापूर्वीच होते. घरच्या वाय-फायवर बसून, घराच्याच सार्वजनिक पत्त्यावर ट्रॅव्हल राउटर जोडून पाहिला आणि तो जुळला नाही, म्हणून लोक सर्व्हर मोडीत काढतात. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारे पॅकेट अनेक राउटरांना हाताळता येत नाही. ही चाचणी मोबाइल डेटावरूनच घ्यावी.

१४८ आणि ९२

सार्वजनिक पत्ता आहे, पोर्ट वळवलेला आहे आणि तरीही हँडशेक नाही, अशा वेळी अंदाज थांबवून तारेवरची पॅकेट प्रत्यक्ष पाहावीत. वायरगार्डच्या हँडशेकचे पहिले पॅकेट नेहमी १४८ बाइटचे आणि त्याचे उत्तर ९२ बाइटचे असते. मजकूर कितीही गुप्त असला, तरी या लांबीवरून ती ओळखू येतात. ‘टीसीपीडंप’ हे साधन घरच्या राउटरच्या वॅनवर ५१८२० या पोर्टासाठी लावले, की काम भागते.

रत्नागिरीच्या एका लॉजमधून मी हे नाशिकला पुतणीकडून फोनवर करून घेतले होते. आज्ञा एकेक अक्षर सांगून लिहून घेतल्यावर ती म्हणाली, “काका, १४८ असं चारदा आलंय, पाच-पाच सेकंदांनी. ९२ कुठेच नाही.” या एका वाक्याने लॉज, मोबाइल कंपनी, सीजीनॅट आणि फायबरचा डबा हे चारही संशयित एकदम सुटले. पॅकेट दारापर्यंत येत होते. घर उत्तर देत नव्हते.

हे तर्कशास्त्र पूर्ण मांडायचे, तर असे. घरी १४८ येतच नसतील, तर वाटेत अडथळा आहे किंवा पत्ताच चुकीचा आहे. १४८ येतात पण ९२ निघत नाहीत, तर घरच्या फायरवॉलने वॅनवरचा तो पोर्ट उघडलेला नाही, पब्लिक कींची (समोरच्याला द्यायच्या चाव्यांची) अदलाबदल चुकली आहे, किंवा घड्याळ चुकले आहे. टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसते, म्हणून ते दिसले याचा अर्थ ते आत घेतले गेले असा होत नाही. ९२ घरातून निघतात पण लॉजमध्ये पोहोचत नाहीत, तर परतीची वाट अडवली जात आहे.

माझ्या बाबतीत दोष घड्याळाचा निघाला, आणि तो जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. लहान राउटरांमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ बहुधा नसते. लॉजमध्ये वीज जाऊन आली, की ओपनडब्ल्यूआरटी आपल्या सेटिंगांच्या फोल्डरमधील सर्वांत अलीकडच्या फाइलची तारीख घेऊन वेळ मांडतो. म्हणजे सेटिंग शेवटचे तीन आठवड्यांपूर्वी बदलले असेल, तर राउटर तीन आठवडे मागे जागा होतो. इकडे वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकवर वेळेचा शिक्का असतो, आणि जुने पॅकेट पकडून कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून घरचा सर्व्हर मागच्या शिक्क्याहून जुना शिक्का असलेला हँडशेक मुकाट्याने टाकून देतो. राउटरने इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली की हे आपोआप सुटते. पण सगळी वाहतूक व्हीपीएनमधूनच जावी असे लावले असेल, तर वेळ विचारणारे पॅकेटही त्याच न जुळलेल्या व्हीपीएनमध्ये शिरते. वेळ चुकली म्हणून व्हीपीएन नाही, आणि व्हीपीएन नाही म्हणून वेळ नाही.

उपाय सोपा आहे. राउटरच्या पानावर ब्राउझरशी वेळ जुळवून घेण्याचे बटण असते, ते दाबावे आणि व्हीपीएन पुन्हा सुरू करावा. घरी कोणी असेल, तर सर्व्हरचा वायरगार्ड एकदा बंद करून चालू केल्यानेही काम होते, कारण शेवटच्या शिक्क्याची आठवण तो फक्त मेमरीत ठेवतो. कायमचा बंदोबस्त करायचा, तर व्हीपीएन सुरू होण्यापूर्वी राउटरने वेळ जुळवावी असा क्रम लावावा.

चाव्यांविषयी थोडेच सांगतो. प्रत्येक टोकावर स्वतःची खासगी की आणि समोरच्याची पब्लिक की असावी. ही अदलाबदल उलटी करण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते. त्याहून फसवी चूक म्हणजे फोनसाठी तयार केलेली फाइल जशीच्या तशी ट्रॅव्हल राउटरवर चढवणे. दोन्ही उपकरणांची चावी एकच झाल्यामुळे ज्याचे पॅकेट शेवटी आले, त्याच्याकडे सर्व्हर उत्तरे पाठवतो, आणि खिशातला फोन जागा झाला की खोलीतला लॅपटॉप तुटतो. प्रत्येक उपकरणाला वेगळी चावी आणि वेगळा पत्ता द्यावा.

हँडशेक होतो, पण घर दिसत नाही

आता भेट झाली आहे असे धरू. लॅपटॉपवरून आधी व्हीपीएनमधील सर्व्हरच्या पत्त्याला, समजा १०.९.०.१ ला, पिंग करावे (‘आहेस का’ असे विचारणारे छोटे पॅकेट पाठवावे), नंतर घरच्या राउटरच्या आतल्या पत्त्याला, आणि शेवटी हार्ड डिस्कच्या पत्त्याला. जिथे उत्तर थांबेल, त्याच्या अलीकडे-पलीकडेच दोष असतो.

पहिले उत्तर मिळते, पुढची मिळत नाहीत, तर सर्वप्रथम पत्त्यांची टक्कर तपासावी. आपल्याकडे असंख्य घरांत १९२.१६८.१ चेच नेटवर्क असते, आणि लॉजमध्येही तेच निघते. सगळी वाहतूक व्हीपीएनमध्ये पाठवण्याचा आदेश असला, तरी राउटर नेहमी अधिक नेमका मार्ग निवडतो, आणि वॅनला थेट चिकटलेले २५६ पत्त्यांचे नेटवर्क हे ‘सगळे जग’ या मार्गापेक्षा नेमके ठरते. त्यामुळे घरच्या १९२.१६८.१.५० साठी निघालेले पॅकेट लॉजमध्येच कोणा अनोळखी फोनचे दार ठोठावत बसते. तातडीचा उपाय म्हणजे ट्रॅव्हल राउटरच्या ‘अलाउड आयपी’ मध्ये (कोणते पत्ते व्हीपीएनमधून जावेत त्या यादीत) १९२.१६८.१.५०/३२ असा एकट्या यंत्राचा पत्ता घालणे. तो सर्वांत नेमका असल्यामुळे जिंकतो, फक्त तोच पत्ता लॉजच्या राउटरचा असता कामा नये. खरा उपाय घरी परतल्यावर करायचा: घरचे नेटवर्क १९२.१६८.७३ किंवा १०.४७.१२ अशा, सहसा कोणी न वापरणाऱ्या पत्त्यावर न्यावे. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो, ते टाळावेत. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे पत्ते बदलताना एक संध्याकाळ जाते, हे मान्य.

टक्कर नसेल, तर परतीचा मार्ग पाहावा. ट्रॅव्हल राउटर आपल्यामागील उपकरणांचे पत्ते झाकत नसेल, तर त्या नेटवर्काची नोंद घरच्या सर्व्हरवर त्या पीअरच्या (जोडणाऱ्या टोकाच्या) ‘अलाउड आयपी’ मध्ये हवी, नाहीतर तिकडून आलेले पॅकेट सर्व्हर टाकून देतो. हाच पत्ता दोन पीअरांत लिहिला गेला, तर नंतर लिहिलेला तो हिसकावून घेतो, आणि कुठेही चूक दिसत नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर व्हीपीएनच्या झोनमधून लॅनच्या (घरातल्या नेटवर्काच्या) झोनकडे जाण्याची परवानगी आहे ना, तेही पाहावे.

राउटर दिसतो पण घरचा विंडोज संगणकच तेवढा दिसत नाही, ही तक्रार असेल, तर व्हीपीएनला हात लावू नये. विंडोजची फायरवॉल फाइल शेअरिंग आणि पिंग ही सहसा आपल्याच नेटवर्कापुरती मान्य करते, आणि व्हीपीएनमधून आलेला १०.९.०.२ हा तिच्या दृष्टीने परका असतो. तिच्या नियमात व्हीपीएनची पट्टी जोडावी.

आकड्यांचे पत्ते चालतात आणि नावे चालत नाहीत, तर दोष डीएनएसचा आहे. ट्रॅव्हल राउटरला घरच्या राउटरचा डीएनएस पत्ता द्यावा आणि घरचा डीएनएस व्हीपीएनच्या बाजूने आलेल्या प्रश्नांनाही उत्तर देतो ना, ते पाहावे.

अर्धवट उघडणारी पाने आणि मध्येच तुटणे

पिंग उत्तम, शोध चालतो, पण मोठी पाने अर्धवट राहतात आणि फाइल उतरवायला घेतली की शून्यावर थबकते, हे लक्षण एमटीयूचे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल लांबीचे. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइटचे वेष्टन घालतो. म्हणूनच १५०० मधून ८० वजा करून १४२० हा त्याचा नेहमीचा आकडा आला. घरची जोडणी पीपीपीओई या नाव-पासवर्डच्या पद्धतीची असेल, तर बाहेरची मर्यादा १४९२ होते, आणि बाहेरची वाट आयपीव्ही६ ची असल्यास १४२० मावत नाही, १४१२ लागतो. ‘तुकडे करू नका’ या अटीसह १३९२ बाइटचे पिंग घरी पाठवावे; त्यात २८ मिळवले की १४२० होतात. उत्तर आले नाही, तर १३५२ आणि मग १२५२ पाठवून पाहावे. जो आकडा जातो, त्यात २८ मिळवून एमटीयू दोन्ही टोकांना लावावा आणि व्हीपीएनच्या झोनवर एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीची पॅकेट त्या मर्यादेत ठेवणे) चालू करावे. फार वेळ घालवायचा नसेल, तर सरळ १२८० लावावा. वेगात थोडा फरक पडतो, पण लॉजच्या वाय-फायवर तो जाणवण्याची शक्यता कमीच.

काही मिनिटे न वापरल्यावर घराकडून येणारी जोडणी मरत असेल, तर मधल्या नॅटने यूडीपीची नोंद पुसली आहे. ट्रॅव्हल राउटरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवावे. जोडणी रात्रभर चालून सकाळी मेलेली आढळत असेल, तर घरचा सार्वजनिक पत्ता बदललेला असण्याची दाट शक्यता आहे, विशेषतः घरी वीज जाऊन आली असेल तर. डायनॅमिक डीएनएसचे, म्हणजे बदलत्या पत्त्यामागे फिरणारे, नाव दिले असूनही असे होते, कारण वायरगार्ड ते नाव सुरू होतानाच एकदा विचारून घेतो आणि पुढे जुन्याच पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ‘वायरगार्ड वॉचडॉग’ ही स्क्रिप्ट यासाठीच आहे. ती क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) दर मिनिटाला चालवावी. फायबरचा डबा आणि राउटर लहान यूपीएसवर ठेवले, तर हा प्रसंगच कमी वेळा येतो.

वेगाची तक्रार करण्यापूर्वी घरच्या जोडणीचा अपलोड किती आहे ते पाहावे, कारण तुमचे येथील डाउनलोड म्हणजे घराचे अपलोड.

निघण्यापूर्वी मोबाइल डेटावर संपूर्ण जोडणी तपासावी, तपासणी संपल्यावर राउटरची वीज एकदा काढून पुन्हा लावावी आणि तो कोणाच्याही मदतीशिवाय परत जुळतो का, ते पाहावे. फोनवर वेगळ्या चावीचा वायरगार्ड असावा, म्हणजे ट्रॅव्हल राउटर रुसला तरी घरच्या राउटरच्या पानापर्यंत जाता येते. घरचा वायरगार्डच बंद पडला तर उपयोगी पडावी म्हणून टेलस्केलसारखी एक स्वतंत्र वाट घरच्या दुसऱ्या एखाद्या यंत्रावर चालू ठेवावी. आणि टीसीपीडंपची ती एक ओळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरच्या राउटरशेजारी चिकटवून ठेवावी; पुतणीला ती अक्षरे फोनवरून सांगताना माझी वीस मिनिटे गेली होती.